निसर्गात मांडलेली नर्तकांची छायाचित्रे कशी वाचावीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रकिनारी झेपावलेली नर्तकी, बर्फाच्या पठारावर एका पायावर तोललेला नर्तक, आटलेल्या तळ्याच्या भेगाळ मातीवर पसरलेला लाल झगा अशी छायाचित्रे पाहिल्यावर वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे संकलित केले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून, एखाद्या मुद्द्याचा विस्तार दुसऱ्या उत्तरात असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मांडणीचे छायाचित्र म्हणजे नेमके काय? कार्यक्रमात काढलेल्या फोटोपेक्षा ते वेगळे कसे?

कार्यक्रमाच्या छायाचित्रात नृत्य आधी असते आणि कॅमेरा त्याच्यामागे धावतो. नर्तक प्रेक्षकांसाठी नाचत असतो, प्रकाश रंगमंचासाठी लावलेला असतो आणि छायाचित्रकाराला मिळेल त्या जागेवरून मिळेल तो क्षण टिपावा लागतो. मांडणीच्या छायाचित्रात हा क्रम उलटतो. जागा, दिवसाची वेळ, पोशाख, अंगस्थिती आणि कॅमेऱ्याचा कोन यांपैकी बरेच काही आधी ठरलेले असते आणि नर्तक जे करतो ते कॅमेऱ्यासाठीच करतो; एकच झेप अनेकदा घेतली जाते आणि त्यातली एक निवडून आपल्यापुढे येते.

ही मांडणी किती घट्ट असेल याला मात्र ठरलेले प्रमाण नाही. काही छायाचित्रकार फक्त जागा निवडतात आणि नर्तकाला मोकळे सोडतात, तर काही जण करंगळीची ठेवणसुद्धा सांगतात. त्यामुळे कोणत्याही छायाचित्रासमोर दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात : काय ठरवलेले होते आणि काय ठरवणे शक्यच नव्हते. लाट कधी फुटेल, ढग कुठे सरकेल, पायाखालची वाळू किती ढासळेल हे कुणाच्याही हातात नसते, आणि चांगल्या छायाचित्रात नर्तकाने या न ठरलेल्या गोष्टींना दिलेले उत्तर दिसते.

२. सगळे आधीच ठरवून काढलेला फोटो खोटाच नाही का? मग त्याचा अर्थ लावण्यात काय हशील?

व्यक्तिचित्रासाठी माणूस नीट बसतो, केस सारखे करतो, प्रकाशाकडे तोंड करतो; त्याला आपण खोटे म्हणत नाही. मांडणी हा छायाचित्राचा एक प्रकार आहे, ती फसवणूक नव्हे. थंडगार पाण्यात उभ्या असलेल्या नर्तकीच्या मांड्यांवर उभे राहिलेले काटे खरे असतात, खडकावर तोल सांभाळताना घोट्याच्या शिरा खरोखर ताणलेल्या असतात आणि झेप घेतलेले शरीर खरोखर जमीन सोडते.

खोटेपणाचा प्रश्न उद्भवतो तो छायाचित्राबरोबर केलेल्या दाव्यामुळे. मुद्दाम मांडलेली भंगिमा ‘अचानक टिपलेला क्षण’ म्हणून दिली, दोन ठिकाणची चित्रे जोडून ‘कोणताही बदल केलेला नाही’ असे लिहिले, किंवा कॅमेऱ्यासाठी रचलेल्या हालचालींना एखाद्या समाजाचा पारंपरिक विधी म्हटले, तर वाचकाची दिशाभूल होते. जोडकाम ओळखण्याच्या खुणा प्रश्न ६ मध्ये दिल्या आहेत.

३. असा फोटो समोर आला की बघायला सुरुवात कुठून करावी?

पायांपासून. नजर सवयीने चेहऱ्याकडे किंवा पसरलेल्या हातांकडे जाते, कारण छायाचित्रकाराने ती तिकडे जावी अशीच योजना केलेली असते. पण शरीर आणि जागा यांचे नाते जिथे प्रत्यक्ष जुळते ती जागा म्हणजे पाऊल आणि जमीन. रंगमंचाची लाकडी, सपाट, किंचित लवचीक जमीन आणि निसर्गातली जमीन यांत फार मोठा फरक आहे, आणि नर्तकाने तो फरक स्वीकारला आहे की झाकला आहे हे पायांवरून कळते.

उदाहरणार्थ, ओहोटीच्या ओल्या वाळूवर उभ्या असलेल्या नर्तकीचे छायाचित्र घेऊ. ओल्या वाळूवर वजन पडले की कणांमधल्या फटी वाढतात, पाणी आत ओढले जाते आणि पावलाभोवतीचा भाग क्षणभर कोरडा, फिकट दिसू लागतो. असे फिकट कडे दिसत असेल तर वजन नुकतेच त्या पायावर आले आहे, म्हणजे आपण हालचालीचा मध्य पाहत आहोत. कडे नसेल, पाऊल खोल रुतलेले असेल आणि त्याभोवती पाणी साचलेले असेल, तर ती त्याच जागी बराच वेळ उभी आहे; ही भंगिमा धरून ठेवलेली आहे. बोटे वाळूत रुतवून पकड घेतली आहे का, टाच उचललेली आहे का, घोटा आत कलला आहे का, हेही पाहावे. सफाईदार तोलापेक्षा किंचित ढळलेला तोल पुष्कळदा जास्त सांगतो, कारण तिथे जागेने शरीराला काहीतरी करायला भाग पाडलेले असते.

मग नजर वर न्यावी : गुडघा, कंबर, पाठीचा कणा. त्यानंतर क्षितिजाची रेषा शरीराला कुठे छेदते ते पाहावे. ती मानेवरून गेली तर डोके धडापासून तुटल्यासारखे दिसते. कमरेखालून गेली तर सारे धड आकाशात उभे राहते आणि माणूस मोठा वाटतो. डोक्याच्याही वर राहिली तर शरीर जमिनीच्या पोटात सामावलेले दिसते. तिन्हींचे भाव वेगळे आहेत आणि सहसा ते कॅमेऱ्याची उंची बदलून साधलेले असतात. चेहरा आणि पोशाख सर्वांत शेवटी पाहावेत.

४. मला नृत्यातले काहीच कळत नाही. तरी असा फोटो वाचता येईल का?

येईल. नृत्याचे व्याकरण ठाऊक असल्यास वाचनात भर पडते (प्रश्न ९ आणि १५ पाहा), पण वजन, तोल, ताण आणि दिशा या गोष्टी चालणाऱ्या-धावणाऱ्या प्रत्येक माणसाला स्वतःच्या शरीरातून समजतात.

एक साधा सराव सांगतो. छायाचित्रावर पातळ कागद ठेवून नर्तकाच्या शरीरातली मुख्य रेषा, म्हणजे कणा आणि लांबवलेला हात किंवा पाय, एकाच ओघात काढावी. मग त्याच कागदावर निसर्गातल्या ठळक रेषा काढाव्यात : डोंगराची कड, झाडाची फांदी, किनाऱ्याचे वळण. कँडिन्स्की या चित्रकाराने १९२६ मध्ये शार्लट रुडॉल्फ यांनी टिपलेल्या ग्रेट पालुक्का या नर्तिकेच्या छायाचित्रांवरून अशीच मोजक्या वक्ररेषांची रेखाटने केली होती. झेपेचे सारे बळ दोन-तीन रेषांत उतरते हे त्यांतून दिसते. ती छायाचित्रे निसर्गातली नव्हती, पण पद्धत येथेही उपयोगी पडते. दोन्ही रेषा समांतर जात असतील तर शरीर जागेचे अनुकरण करते आहे. छेदत असतील तर तिथे विरोध आहे. आणि शरीराची रेषा जिथे संपते तिथून डोंगराची रेषा पुढे सुरू होत असेल, तर छायाचित्रकाराने कॅमेरा नेमक्या त्या ठिकाणी आणण्यासाठी बरीच शोधाशोध केलेली असते.

५. नर्तकी खरोखर एवढी उंच उडाली आहे का?

बहुधा उडालेली असते, पण दिसते तेवढी नाही. शरीराचा गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर वर गेला तर हवेतला एकूण वेळ सुमारे ०.६४ सेकंद होतो, आणि त्यातला निम्मा वेळ शरीर त्या उंचीच्या वरच्या चौथ्या हिश्श्यात असते. म्हणजे झेपेच्या माथ्यावर नर्तक थबकल्यासारखा वाटतो तो निव्वळ भास नाही. वर जाता जाता वेग मंदावत खरोखर शून्यावर येतो आणि त्या क्षणी १/२५० सेकंदाच्या शटरवेगातही (म्हणजे कॅमेऱ्याचे शटर तेवढाच वेळ उघडे ठेवूनही) धड स्पष्ट येऊ शकते. हातापायांची टोके मात्र तेव्हाही हलत असतात, म्हणून १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद वेग वापरला जातो. बॅलेतल्या मोठ्या झेपेत आणखी एक गोष्ट घडते. नर्तकी हवेत असताना पाय आणि हात वर उचलते, त्यामुळे गुरुत्वमध्य शरीराच्या आत वर सरकतो आणि डोके जवळपास एकाच पातळीवर तरंगत गेल्यासारखे दिसते.

उंची फुगते ती कॅमेऱ्याच्या जागेमुळे. कॅमेरा जमिनीलगत ठेवून वर रोखला की पायांमागे जमिनीऐवजी आकाश येते आणि अर्ध्या मीटरची उडी डोंगरावरून गेल्यासारखी दिसते. सूर्य डोक्यावर असेल तर पाय आणि सावली यांतले अंतर हे सर्वांत विश्वासार्ह माप आहे. सावली चौकटीबाहेर ठेवलेली असेल तर उडीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, उंचीबद्दल मात्र सावध राहावे.

६. हा फोटो दोन-तीन फोटो जोडून केलेला आहे हे कसे ओळखायचे?

आधी सावल्या पाहाव्यात. नर्तकाच्या नाकाची सावली आणि शेजारच्या दगडाची सावली एकाच दिशेला पडते का? आकाश मावळतीचे असून अंगावरचा प्रकाश समोरून आणि पांढरा असेल, तर फ्लॅश वापरलेला आहे किंवा शरीर दुसऱ्या ठिकाणचे आहे. डोळ्यांत प्रकाशाचा चौकोनी ठिपका दिसला तर पहिली शक्यता अधिक.

दुसरी खूण पाण्याची. धबधबा किंवा लाटा दुधासारख्या मऊ दिसण्यासाठी शटर साधारण पाव सेकंद किंवा त्याहून जास्त काळ उघडे राहावे लागते, आणि तेवढ्या वेळात हवेतला नर्तक कधीच रेखीव येणार नाही. एकाच चौकटीत मऊ पाणी आणि काटेकोर झेप असेल तर बहुधा जोडकाम असते. याला एक खरा अपवाद आहे : संध्याकाळच्या अंधूक उजेडात शटर लांब उघडे ठेवून मध्येच फ्लॅश उडवला, तर पाणी वाहते आणि नर्तक गोठतो. अशा छायाचित्रात शरीराच्या कडेला पुसट धूसर छटा राहते, ती शोधावी.

वाळू किंवा बर्फ अगदी कोरा असेल आणि नर्तक मधोमध उभा असेल, तर तो तिथे कसा पोचला हा प्रश्न रास्त आहे. कधी तो कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूने आलेला असतो, कधी पाऊलखुणा नंतर पुसलेल्या असतात. पाऊलखुणा पुसणे आणि नर्तकालाच दुसरीकडून आणून बसवणे यांत मी फरक करतो : पहिल्यात शरीर त्या जागेत होते, दुसऱ्यात नव्हते, आणि निसर्गातल्या नृत्याच्या छायाचित्राला तेवढे एक सत्य पाळावेच लागते असे माझे मत आहे. जोडचित्र म्हणूनच सादर केलेल्या कलाकृतीला अर्थातच हा नियम लागू नाही.

७. वाऱ्यावर उडणारे कापड खरे असते की कुणीतरी ते उडवते?

दोन्ही प्रकार सर्रास चालतात. चौकटीबाहेर उभा असलेला सहायक कापडाचे टोक हवेत फेकून बाजूला होतो आणि त्याच क्षणी छायाचित्र घेतले जाते. अशा वेळी कापड फुगलेले दिसते, पण गवत आणि केस स्तब्ध असतात. वारा खरा असेल तर तो सगळ्यांना एकाच दिशेने वाकवतो.

केस आणि कापड आणखी एक गोष्ट सांगतात. शरीर वर जात असताना ती मागे, म्हणजे खाली, ओढली जातात आणि शरीर खाली येऊ लागले की वर उठतात. केस उभे उडालेले असतील तर बहुतेक वेळा नर्तकी उतरते आहे. चेहऱ्यावर उड्डाणाचा आनंद आणि केसांत उतरण, अशी छायाचित्रे बरीच सापडतात आणि एकदा ही खूण कळली की ती डोळ्यांतून सुटत नाही.

वाऱ्याने छायाचित्र घडवल्याचे ठळक उदाहरण म्हणजे एडवर्ड स्टायकेन यांनी १९२१ मध्ये अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवर, म्हणजे प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर, टिपलेले, नर्तिका इसाडोरा डंकन (प्रश्न ११ पाहा) यांची शिष्या थेरेसा डंकन हिचे छायाचित्र. वाऱ्याने वस्त्र अंगाशी घट्ट चिकटले आहे आणि त्याची टोके ज्वाळांसारखी फडफडत आहेत. जागा, नर्तकी आणि वेळ छायाचित्रकाराने ठरवली होती. त्या वस्त्राला ज्वाळेचे रूप वाऱ्याने दिले.

८. काही फोटोंत नर्तक मुंगीएवढा आणि डोंगर अजस्र का असतो?

तांत्रिक कारण असे की छायाचित्रकार लांब उभा राहून लांब पल्ल्याची लेन्स वापरतो, तेव्हा मागचा डोंगर नर्तकाच्या तुलनेत मोठा आणि जवळ आल्यासारखा दिसतो. जवळून वाइड लेन्स वापरली की उलट होते : हात लांबतात, पाय मोठे दिसतात आणि डोंगर दूर पळतो. म्हणून आकारांच्या प्रमाणावरून अर्थ काढताना ते प्रमाण लेन्सने दिलेले आहे याचे भान ठेवावे.

लहान आकृती म्हणजे ‘निसर्गापुढे माणूस क्षुद्र’ हा अर्थ इतका सवयीचा झाला आहे की तो तपासल्याशिवाय स्वीकारू नये. आकृती लहान असूनही तिची रेषा स्वच्छ असेल, मागे मोकळे आकाश असेल आणि सारी चौकट तिच्याकडे झुकत असेल, तर ती क्षुद्र नसते. सगळा निसर्ग तिच्याभोवती फिरत असतो. उलट शरीर खडकाच्या पोतात मिसळून शोधावे लागत असेल, तर तिथे विलीन होण्याचा भाव आहे आणि तोही क्षुद्रतेहून वेगळाच आहे.

९. हस्तमुद्रा असलेल्या शास्त्रीय नृत्याचा फोटो नदीकाठी किंवा जंगलात काढला तर त्याचा अर्थ बदलतो का?

बदलतो, आणि या सगळ्या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हाच आहे. मुद्रांवर आधारलेले नृत्य रिकाम्या रंगमंचावर हातांनी निसर्ग उभा करते. ‘अभिनयदर्पण’ या नृत्यावरच्या संस्कृत ग्रंथात पताक या एकाच हस्ताचे, म्हणजे हस्तमुद्रेचे, जे विनियोग (उपयोग) सांगितले आहेत, त्यांत ढग, वन, रात्र आणि नदी हे सारे येतात. प्रेक्षकासमोर ना नदी असते ना वन. हात, नजर आणि पदगती यांच्या जोरावर तो ती पाहतो.

आता असे नृत्य करणारी नर्तकी खऱ्या नदीकाठी पताक हस्त धरून उभी राहिली तर काय होते? हाताने निर्माण करायची नदी मागे आधीच वाहते आहे. छायाचित्र बेतास बात असेल तर मुद्रा केवळ दागिन्यासारखी उरते, कारण ती जे सांगते ते डोळ्यांना आयतेच मिळाले आहे. छायाचित्रकार आणि नर्तकी जाणते असतील, तर हाताला काम उरेल अशी मांडणी ते करतात : कोरड्या पात्रापाशी पाण्याची मुद्रा, भर दुपारी रात्रीची मुद्रा, तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांमध्ये वनाची मुद्रा. मग हात आणि जागा यांत अंतर पडते आणि अर्थ त्या अंतरात तयार होतो. म्हणून मुद्रा ओळखता आली तर लगेच विचारावे : ती समोरचीच गोष्ट पुन्हा सांगते आहे, की समोर नसलेली गोष्ट आणते आहे?

नजरेकडेही लक्ष द्यावे. ‘यतो हस्तस्ततो दृष्टिः’ म्हणजे जिथे हात तिथे दृष्टी, ही त्याच ग्रंथातली ओळ नृत्याच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच पाठ होते. निसर्गातल्या छायाचित्रांत मात्र नर्तकी पुष्कळदा क्षितिजाकडे किंवा थेट कॅमेऱ्याकडे पाहते. हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे गेले की अभिनय थांबतो आणि आपण नृत्याऐवजी नृत्याच्या वेशातले व्यक्तिचित्र पाहू लागतो. तसे छायाचित्र वाईट ठरत नाही, पण त्याचे वाचन व्यक्तिचित्र म्हणूनच करावे.

१०. पाणी म्हणजे शुद्धता, वाळवंट म्हणजे एकाकीपणा असे ठरावीक अर्थ असतात का?

असे कोष्टक करू नये. तेच पाणी घोट्याएवढे असताना खेळाचे असते आणि छातीएवढे असताना धोक्याचे. पाण्याने नर्तकाच्या हालचालीवर काय परिणाम केला हे आधी पाहावे. पाणी वेग कमी करते, कापड जड करते, उडी अशक्य करते. अर्थ त्या परिणामातून निघतो.

११. नर्तकांना निसर्गात नेऊन फोटो काढायची कल्पना आली कुठून?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप आणि अमेरिकेत नृत्याने बॅलेचे बूट आणि कॉर्सेट टाकून अनवाणी, सैल वस्त्रांत मोकळ्या हवेत येण्याचा ध्यास घेतला, तिथून ही परंपरा ठळक होते. इसाडोरा डंकन या त्या प्रवाहातल्या सर्वांत परिचित नर्तिका. अर्नोल्ड गेंथे यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या नृत्यछायाचित्रांच्या संग्रहात डंकन यांच्या शिष्यांची मोकळ्यावर, मऊ प्रकाशात टिपलेली छायाचित्रे आहेत. स्वित्झर्लंडमधील आस्कोनाजवळच्या मोंते वेरिता या टेकडीवर नृत्यरचनाकार रुडॉल्फ लाबान यांनी १९१३ पासून उन्हाळी नृत्यशाळा चालवली. जर्मन नर्तिका मेरी विगमन तिथेच त्यांच्याकडे शिकायला आल्या, आणि माज्जोरे सरोवराच्या काठी नाचणाऱ्या त्या मंडळींची छायाचित्रे आजही या प्रकारचा नमुना मानली जातात.

या कल्पनेला एक व्यावहारिक बाजूही होती. त्या काळी फिल्मच्या जागी वापरल्या जाणाऱ्या काचपट्ट्या आणि लेन्स यांना भरपूर प्रकाश लागे, आणि हलते शरीर टिपण्याइतका प्रकाश भर उन्हात सर्वांत सहज मिळे. निसर्गाकडे जाण्याची ओढ आणि उन्हाची गरज या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

या परंपरेची काळी बाजू सांगायलाच हवी. निसर्गातल्या ‘निरोगी, सुंदर, शुद्ध’ शरीराची हीच प्रतिमा १९३० च्या दशकात जर्मनीत नाझी प्रचाराने वंशश्रेष्ठत्वासाठी वापरली. त्यामुळे त्या काळातले छायाचित्र पाहताना ते कुणी, कशासाठी आणि कुठे छापले हे शोधल्याशिवाय त्याच्या सौंदर्याबद्दल निकाल देऊ नये.

१२. अशा फोटोंत बहुतेक वेळा स्त्रीच का असते, आणि तीही अर्धवस्त्र का?

स्त्री म्हणजे निसर्ग आणि पुरुष म्हणजे पाहणारा, ही जुनी समजूत या प्रकारात खोल रुजलेली आहे. तिला पर्याय फार पूर्वीपासून आहेत. नर्तक टेड शॉन यांनी १९३३ मध्ये अमेरिकेत केवळ पुरुष नर्तकांचा संच उभा केला आणि मॅसॅच्युसेट्समधील जेकब्स पिलो या शेतावर उघड्यावर नाचणाऱ्या, श्रम करणाऱ्या पुरुषांची पुष्कळ छायाचित्रे निघाली. पुरुषाच्या शरीराला तिथे श्रम आणि बळ मिळाले, तर स्त्रीच्या शरीराला मार्दव आणि विलीनता. ही वाटणी आजही टिकून आहे.

नग्नता किंवा अर्धनग्नता दिसली की एक कसोटी लावावी : शरीर काही करते आहे की केवळ ठेवलेले आहे? स्नायू काम करत असतील, वजन एका निश्चित दिशेला जात असेल, नर्तकीने अवकाश व्यापलेला असेल, तर ती छायाचित्राची सहनिर्माती आहे. शरीर दगडावर पहुडलेले असून कोणत्याही क्रियेशिवाय प्रकाशाखाली असेल, तर तिथे नृत्य नाही आणि तिला ‘नर्तकी’ म्हटल्याने ते येत नाही. नर्तिकेचे नाव दिलेले आहे की नाही हेही पाहावे. छायाचित्रकाराचे नाव ठळक आणि नर्तिका अनाम, ही गोष्ट बरेच सांगून जाते.

१३. फोटोत नर्तकाबरोबर गावातली माणसेही असतील तर? त्यांना काय समजायचे?

येथे मांडणीचे छायाचित्र अवघड होते, कारण चौकटीतल्या काहींना आपण काय करतो आहोत हे माहीत असते आणि काहींना नसते. छायाचित्रकार एईको होसोए आणि बुतो या आधुनिक जपानी नृत्यप्रकाराचे एक प्रवर्तक तात्सुमी हिजिकाता यांनी १९६५ पासून जपानच्या उत्तरेकडील तोहोकू भागातल्या खेड्यांत केलेली आणि १९६९ मध्ये पुस्तकरूपाने आलेली छायाचित्रे या दृष्टीने अभ्यासावीत. हिजिकाता भातखाचरांतून मूल हातांत घेऊन धावतात, भात वाळवण्याच्या उंच मांडवावर एकटेच उकिडवे बसतात, गावकऱ्यांमध्ये मिसळून त्यांना हसवतात. नर्तक ठरवून वागतो, पण गावकऱ्यांचे हसू, कुतूहल आणि बिचकणे त्यांचे स्वतःचे आहे. हिजिकाता स्वतः त्याच भागातल्या आकिताचे होते आणि होसोए युद्धकाळात लहानपणी बाँबहल्ल्यांपासून दूर खेड्यात पाठवले गेले होते. त्या खेड्यांत ते पाहुणे म्हणूनच नव्हे, तर आपली आठवण शोधत गेले होते, हे कळले की चित्रांतली भीती आणि आपुलकी दोन्ही समजतात.

असे नाते नसेल, गावकरी केवळ ‘अस्सलपणा’ आणण्यासाठी मागे उभे केलेले असतील, तर ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसते : ते नर्तकाकडे पाहत नाहीत, सांगितले तिकडे पाहतात.

१४. पवित्र किंवा संरक्षित जागी काढलेल्या फोटोकडे कसे पाहावे?

‘नेलीज’ या नावाने काम करणाऱ्या ग्रीक छायाचित्रकार बाईंनी १९२० च्या दशकात मोना पाएवा या बॅले नर्तिकेची अॅक्रोपोलिसवर विवस्त्र छायाचित्रे काढली आणि ती छापून आल्यावर ग्रीसमध्ये वादळ उठले. आज ती त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध कामांत गणली जातात. दोन्ही प्रतिक्रिया वाचनाचा भाग आहेत : जागेला आधीच अर्थ होता आणि शरीराने त्यात ढवळाढवळ केली.

आजच्या छायाचित्रात आणखी एक प्रश्न विचारावा. त्या एका झेपेसाठी पायाखाली काय तुडवले गेले? वाळूच्या टेकड्यांवरचे गवत, शेवाळाने झाकलेले दगड, पक्ष्यांची घरटी असलेला किनारा यांना एका छायाचित्रामुळे झालेली इजा भरून यायला वर्षे लागतात आणि लोकप्रिय छायाचित्रामागोमाग त्याच जागी शेकडो लोक येतात. निसर्गाबद्दलचे प्रेम सांगणाऱ्या छायाचित्राला ही विचारणा लागू पडतेच.

१५. फोटो सुंदर आहे, पण नृत्य जाणणारे म्हणतात की भंगिमा चुकीची आहे. मग काय मानायचे?

आधी चूक कशामुळे झाली ते शोधावे. उतारावर किंवा ओल्या खडकावर गुडघे रंगमंचावरच्या इतके बाहेर वळवले तर घोटा मुरगळेल. तिथे जाणत्या नर्तकाने केलेला बदल ही चूक नसून जागेला दिलेला प्रतिसाद असतो. उलट बॅलेचे पॉइंट शूज (पायाच्या बोटांच्या टोकावर उभे राहण्यासाठीचे बूट) घालून समुद्रात उभी असलेली नर्तकी दिसली की जाणकार हळहळतात, कारण त्या बुटांची टोके कागद आणि कापडाचे थर डिंकाने कडक करून बनवलेली असतात आणि पाण्यात ती मऊ पडतात. तिथे बहुधा टाकून दिलेले बूट वापरलेले असतात आणि ते वेशभूषा म्हणूनच येतात.

तिसरी शक्यता अशी की व्यक्ती नर्तक नाहीच. लवचीक मॉडेलने पाय डोक्यापर्यंत नेला, पण आधाराचा गुडघा सैल आहे, खांदे कानांना टेकले आहेत आणि श्वास रोखलेला आहे. अशा चित्राला नृत्याचे छायाचित्र म्हणून वाचू नये.

१६. छायाचित्रकाराने सांगितलेला अर्थ मला दिसत नाही. चूक माझी की त्याची?

कुणाचीही नसेल. छायाचित्रकाराचे निवेदन हा पुरावा आहे, निकाल नव्हे. त्यातून त्याचा हेतू कळतो. तो हेतू चौकटीत उतरला आहे का हे पाहणे वाचकाचे काम आहे. ‘हे छायाचित्र हवामानबदलाबद्दल आहे’ असे म्हटले, पण चित्रात फक्त मावळता सूर्य आणि रेशमी झगा असेल, तर तो दावा चित्रापर्यंत पोचलेला नाही असे स्पष्ट म्हणावे. शक्य असेल तिथे नर्तकाचे म्हणणे वेगळे मिळवावे. थंडी, भीती, किती वेळा उडी मारावी लागली, कोणती भंगिमा त्याने स्वतः सुचवली, हे ऐकल्यावर वाचन पुष्कळदा पालटते.

१७. एकच फोटो पुरे की सगळी मालिका पाहावी?

मालिका मिळत असेल तर मालिकाच पाहावी. एका चित्रात उत्कट वाटलेली भंगिमा पुढच्या दहा जागांवर जशीच्या तशी आढळली, तर जागा केवळ पडदा म्हणून वापरली आहे हे कळते.

१८. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांनाही हे सगळे लागू होते का?

रेषा, प्रमाण, क्षितिज यांचे वाचन लागू होते. शरीर आणि जागा यांच्या नात्याचे वाचन होत नाही, कारण तिथे कोणतेही शरीर कोणत्याही जागेत गेलेले नाही. ओळखण्याच्या ठोकळ खुणा, उदाहरणार्थ जास्तीची बोटे, आता भरवशाच्या राहिलेल्या नाहीत. अजूनही उपयोगी पडते ते वजन : पाऊल टेकले आहे, पण गवत दबलेले नाही, पाण्यात उभे आहे, पण लहर उठलेली नाही, ओल्या वस्त्राची कड कोरड्यासारखी उडते आहे (प्रश्न ३ आणि ७ मधल्या खुणा येथे लावून पाहाव्यात). शंका राहिली तर आधीची आणि नंतरची चित्रे मागावीत. खऱ्या झेपेच्या मागेपुढे फसलेल्या झेपांची रांग असते आणि छायाचित्रकार ती सहसा जपून ठेवतो.

१९. दृष्टिहीन वाचकांसाठी अशा फोटोचे वर्णन लिहायचे आहे. काय आधी लिहावे?

आधी शरीर काय करते आहे ते एका क्रियापदात सांगावे : झेपावते आहे, कलते आहे, सरपटतो आहे. मग कोणता अवयव कशावर टेकला आहे, म्हणजे उजवा पाय ओल्या कातळावर, डावा हवेत मागे. त्यानंतर जागा, आकृतीचा चौकटीतला आकार आणि प्रकाश कोणत्या बाजूने येतो ते. रंग आणि वस्त्र यानंतर. ‘मनमोहक’, ‘अद्भुत’ अशी विशेषणे टाळावीत, कारण त्यांतून ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही. नर्तकाचे नाव, छायाचित्रकाराचे नाव, ठिकाण आणि वर्ष माहीत असल्यास द्यावे, आणि चित्र जोडलेले किंवा बदललेले असल्याची खात्री असल्यास तेही त्याच वर्णनात लिहावे.